मोह, ताडी आणि माल्ट : वसई–पालघर परिसरातील घरगुती किण्वन व अबकारी कायदा – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

माल्टयुक्त चॉकलेट पेयाची भुकटी हा भारतीय मध्यमवर्गीय घरातील एक परिचित जिन्नस आहे. बोर्नव्हिटा हे असे पेय १९३२ मध्ये इंग्लंडमध्ये आणि १९४८ मध्ये भारतात बाजारात आले. मुलांच्या दुधात मिसळावयाचे पौष्टिक पेय म्हणून त्याची ओळख रुजली. परदेशांतील काही हौशी लोक मात्र घरी बिअर तयार करताना अशीच भुकटी आंबवण्याच्या भांड्यात घालतात. एकच डबा एका घरात बाळाच्या पेल्यासाठी, तर दुसऱ्या घरात मद्याच्या भांड्यासाठी उघडला जातो. यावरून एक जुना प्रश्न उपस्थित होतो. जो पदार्थ अन्न आहे आणि ज्यापासून मद्यही होऊ शकते, त्या पदार्थाकडे राज्यसंस्थेने कोणत्या दृष्टीने पाहिले?

पालघर जिल्ह्यातील वसई–विरार परिसर व त्याला लागून असलेला आदिवासी पट्टा या प्रश्नाच्या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त ठरतो. किनाऱ्यालगत माड व ताड, पूर्वेकडील डोंगराळ भागात मोह, शेतात नाचणी आणि वसईच्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगीज काळापासून चालत आलेली पाकपरंपरा, असे किण्वनक्षम पदार्थांचे वैविध्य येथे थोड्या अंतरात आढळते. हा परिसर १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात येईपर्यंत ठाणे जिल्ह्यात समाविष्ट होता. त्यामुळे येथील अबकारी इतिहास हा बहुतांशी ठाणे जिल्ह्याचा इतिहास आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) घरगुती किण्वनात वापरल्या जाणाऱ्या जिन्नसांचे दुहेरी स्वरूप स्पष्ट करणे.
२) १८७८ पासून अबकारी व दारूबंदीविषयक कायद्यांनी या जिन्नसांवर आणलेल्या नियंत्रणाचा मागोवा घेणे.
३) हे नियंत्रण सर्व जिन्नसांना समान रीतीने लागू झाले किंवा कसे, याची चिकित्सा करणे.

प्रस्तुत लेखात ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून गॅझेटियर, अधिनियम, न्यायनिर्णय व प्रकाशित इतिहासग्रंथ यांतून उपलब्ध होणाऱ्या माहितीचा आधार घेतला आहे. दारूबंदी योग्य की अयोग्य, हा या लेखाचा विषय नाही.

किण्वनाचे स्वरूप : रस, फूल आणि धान्य

किण्वनाची क्रिया समजल्याशिवाय कायद्याची अडचण लक्षात येत नाही. यीस्ट नावाचा सूक्ष्मजीव साखरेचे रूपांतर अल्कोहोल व कर्बवायूत करतो. ज्या पदार्थात साखर तयार स्वरूपात असते, त्याला फारशी पूर्वतयारी लागत नाही. ताड किंवा माड यांच्या पोयीतून झिरपणाऱ्या रसात साधारणपणे १० ते १५ टक्के साखर असते. हवेतील व मडक्यातील यीस्टच्या योगाने हा रस काही तासांतच आंबू लागतो. पहाटे उतरविलेला गोड रस नीरा असतो, दुपारपर्यंत त्याची ताडी किंवा माडी होते आणि तसाच ठेवल्यास पुढे त्याचा शिरका होतो. मडक्याला आतून चुना लावल्यास ही क्रिया रोखली जाते. अर्थात, अन्न व मद्य यांमधील अंतर येथे केवळ काही तासांचे असते.

मोहाच्या फुलातही साखर मुबलक असते. वाळवलेले मोहफूल आदिवासी कुटुंबांत खाद्य म्हणून साठविले जाते आणि टंचाईच्या दिवसांत त्याचा आधार होतो. तेच फूल पाण्यात भिजवून आंबविले व ऊर्ध्वपातित केले की मोहाची दारू तयार होते.

धान्याची गोष्ट निराळी आहे. धान्यात साखरेऐवजी पिष्टमय पदार्थ असतो आणि यीस्ट त्यावर थेट कार्य करू शकत नाही. म्हणून बार्लीचे दाणे भिजवून त्यांना मोड आणतात व नंतर वाळवतात. मोड येताना निर्माण होणारी विकरे पिष्टाचे साखरेत रूपांतर करतात. अशा मोडविलेल्या धान्यालाच माल्ट म्हणतात. ही प्रक्रिया मराठी घराला अपरिचित नाही. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून व दळून केलेले नाचणीचे सत्त्व महाराष्ट्रात लहान मुलांना व आजाऱ्यांना दिले जाते. तांत्रिक दृष्ट्या ते नाचणीचे माल्टच होय. सिक्कीम व नेपाळमध्ये याच नाचणीपासून, निराळ्या पद्धतीने, घरोघरी छांग नावाची बिअर केली जाते. म्हणजे एकच धान्य एका प्रदेशात बाळाचे अन्न, तर दुसऱ्या प्रदेशात पाहुण्याचे पेय आहे.

माल्टयुक्त चॉकलेट भुकटीचे स्थान या संदर्भात निश्चित करता येते. तिच्यात माल्टचा अर्क, साखर, कोको व बहुधा दुधाचे घटक असतात. निर्मितीच्या वेळी उष्णता दिलेली असल्याने तिच्यातील विकरे बहुतांश निष्क्रिय झालेली असतात. म्हणून ती स्वतः धान्याची साखर करू शकत नाही, केवळ आंबवण्यायोग्य साखर व चव पुरविते. दुधातील शर्करा बिअरच्या यीस्टला पचविता येत नाही, त्यामुळे ती तशीच राहून पेयाला गोडसर घट्टपणा आणते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी इंग्लंडमध्ये निघालेल्या ‘मिल्क स्टाउट’ या बिअरचे तत्त्वही हेच होते. कोकोतील स्निग्धांश मात्र बिअरचा फेस टिकू देत नाही. या भुकटीमुळे घरगुती बिअरची चव बदलते व तिचे बळ थोडे वाढते, परंतु ती मुख्य माल्टची जागा घेऊ शकत नाही.

पोर्तुगीज काळातील ताडरस

वसई १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांकडे आली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ती जिंकून घेतली. सुमारे दोनशे वर्षांच्या या काळात पश्चिम किनाऱ्यावरील माडाचे महत्त्व पोर्तुगीज लेखकांच्या लक्षात आले होते. मुंबई बेट ज्याला भाडेपट्ट्याने मिळाले होते, त्या गार्सिया द ओर्ता या वैद्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात माडापासून काढला जाणारा रस ‘सुरा’ या नावाने नोंदविला असून त्यापासून होणारा अर्क, शिरका व गूळ यांचीही माहिती दिली आहे. एकाच झाडापासून पेय, मद्य, आंबट व गोड असे चारही पदार्थ मिळतात, हे या वर्णनातून स्पष्ट होते. नंतरच्या कायद्याने ज्यांची निरनिराळ्या सदरांत विभागणी केली, ते पदार्थ त्या काळी एकाच कुटुंबाच्या एकाच व्यवसायाचे भाग होते.

या रसाचा आणखी एक उपयोग स्वयंपाकघरात होता. गोव्यातील पावाचे व वसई–मुंबई परिसरातील ख्रिस्ती घरांतील फुग्यांचे पीठ फुगविण्यासाठी ताडी किंवा माडी वापरण्याची परंपरा होती. सणासुदीला व लग्नकार्यात होणारे फुगे हे ईस्ट इंडियन समाजाच्या पाककलेचे वैशिष्ट्य मानले जाते. मुंबई परिसरातील मूळ ख्रिस्ती समाजाने १८८७ मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे नाव औपचारिकरीत्या स्वीकारले. त्यांची पाकपरंपरा मात्र या नावाहून पुष्कळ जुनी आहे. याच परंपरेतील ‘खिमाड’ हे पेय प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. गावठी मद्यात पाणी, साखर, दालचिनी, लवंग इत्यादी घालून ते गरम केले जाते आणि लग्नसमारंभात पाहुण्यांना दिले जाते. तयार मद्यात घरातील जिन्नस मिसळून त्याची तीव्रता उतरविणे व चव वाढविणे, हीच त्यामागील रीत होय. माल्टची भुकटी बिअरमध्ये घालणारा हौशी मनुष्य व खिमाड करणारी गृहिणी यांच्या कृतींत तत्त्वतः फरक नाही. आपण काय घातले, हे दोघांनाही ठाऊक असते आणि पिणाराही घरचाच असतो. पुढील विवेचनात हा मुद्दा महत्त्वाचा ठरेल.

१८७८ चा अबकारी कायदा : झाडावरील नियंत्रण

ब्रिटिश अमदानीत मद्य हे महसुलाचे महत्त्वाचे साधन बनले. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मुंबई इलाख्यातील मद्यनिर्मिती व विक्री यांवर सरकारचे एकछत्री नियंत्रण प्रस्थापित केले. या धोरणाचे मुख्य सूत्रधार अबकारी आयुक्त चार्ल्स प्रिचर्ड हे होते. गावोगावच्या लहान भट्ट्या बंद करून मद्याची निर्मिती मोजक्या मध्यवर्ती भट्ट्यांत एकवटावी, तेथे कर वसूल करावा व विक्री मक्तेदारांमार्फत करावी, असे या व्यवस्थेचे स्वरूप होते. कुलाबा जिल्ह्यातील उरण हे अशा भट्ट्यांचे मोठे केंद्र होते.

ताडीच्या बाबतीत ही व्यवस्था थेट झाडापर्यंत पोहोचली. ताडी दुकानात तयार होत नाही, ती झाडावरच्या मडक्यात तयार होते. म्हणून कर बसवावयाचा तर तो झाडावरच बसवावा लागतो. छेवण्यासाठी परवाना, प्रत्येक झाडावर कर आणि त्या झाडाची नोंद अशी पद्धत रूढ झाली. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत माड–ताड छेवण्याचा व्यवसाय प्रामुख्याने भंडारी समाजाकडे होता. १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या समाजाची व त्याच्या व्यवसायाची नोंद आहे. वाढत्या करामुळे व स्वतःच्या ताडीचे ऊर्ध्वपातन करण्याचा व्यवहार बंद झाल्यामुळे या समाजाच्या पिढीजात व्यवसायाला मोठा धक्का बसला आणि त्यातून अबकारी धोरणाविरुद्ध असंतोष निर्माण झाला.

या धोरणावरील टीका जिल्ह्यापुरती मर्यादित राहिली नाही. १८८९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहात सॅम्युएल स्मिथ यांनी भारतातील अबकारी पद्धतीवर टीका करणारा ठराव मांडला व तो संमतही झाला. पुढे १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांच्या नेतृत्वाखाली पुण्यात दारूच्या दुकानांवर निरोधन झाले. तथापि या चर्चेत मद्यपानाचे नैतिक दुष्परिणाम व सरकारचे उत्पन्न यांवर भर राहिला. भंडाऱ्याचे झाड आणि आदिवासीचे घर यांचा विचार त्यात अभावानेच झाला.

१८९२ चा मोह कायदा : फुलावरील नियंत्रण

झाडानंतर नियंत्रण फुलाकडे वळले. मध्यवर्ती भट्टीतील दारू कर भरून महाग झाली, तेव्हा घरी केलेली मोहाची दारू हीच तिची स्वाभाविक प्रतिस्पर्धी ठरली. परंतु जंगलपट्टीत प्रत्येक झोपडीवर पहारा ठेवणे शक्य नव्हते. म्हणून दारूऐवजी तिच्या कच्च्या मालावरच निर्बंध घालण्याचा मार्ग निवडण्यात आला. १८९२ च्या मुंबई मोह कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील मोहफुलांच्या संग्रहावर व व्यापारावर बंधने आणली.

या कायद्याचे वेगळेपण नीट लक्षात घेतले पाहिजे. यापूर्वीचे नियंत्रण मद्य तयार करण्याच्या कृतीवर होते. १८९२ मध्ये ते एका खाद्यपदार्थाच्या साठ्यावर आले. टंचाईसाठी घरात साठविलेली फुले संशयास्पद ठरली. वारली व इतर आदिवासी समाजांच्या दृष्टीने हा बदल दूरगामी होता, कारण मोह हा त्यांच्या अन्नाचा, देवकार्याचा व उत्सवाचा भाग होता. घरातील रीत गुन्हा कशी ठरली, याचे विवेचन इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी दक्षिण गुजरातच्या संदर्भात केले आहे. ठाणे जिल्ह्याचा जंगलपट्टा त्या प्रदेशाला लागून असल्याने ते येथेही लागू पडते.

या ठिकाणी अमेरिकेचे उदाहरण तुलनेसाठी घेणे उद्बोधक ठरेल. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात देशव्यापी दारूबंदी होती. घरी बिअर करणे बेकायदेशीर होते. तरीही माल्टचा पाक डब्यांत भरून किराणा दुकानांत उघडपणे विकला जात असे. तो पाव–बिस्किटांसाठी आहे, असे म्हटले जाई. बंद पडलेल्या मोठ्या बिअर कारखान्यांनीही हा व्यवसाय केला. त्या पाकापासून घरोघरी बिअर होते हे सर्वांना माहीत असूनही माल्ट हे अन्न असल्याने त्यावर बंदी आली नाही.

येथे दोन कायद्यांतील फरक ठळकपणे दिसतो. माल्ट व मोह हे दोन्ही अन्न होते आणि दोन्हींपासून मद्य होऊ शकत होते. दोन्ही ठिकाणी घरातील निर्मिती रोखणे हा कायद्याचा हेतू होता. परंतु माल्ट हे कारखान्याचे उत्पादन होते, त्यामागे उद्योगपती व दुकानदार उभे होते. मोह हे जंगलातील फूल होते आणि ते वेचणाऱ्यांना कायदा करणाऱ्या सभागृहात आवाज नव्हता. म्हणून अमेरिकेत संशयाचा फायदा अन्नाला मिळाला, तर ठाण्याच्या जंगलात तो मिळाला नाही.

देवी चळवळ : अंतर्गत सुधारणेचा प्रवाह

आदिवासी व मच्छीमार समाजांनी मद्याचा प्रश्न केवळ कायद्याच्या चौकटीतून पाहिला, असे म्हणता येणार नाही. हार्डिमन यांच्या ‘द कमिंग ऑफ द देवी’ (१९८७) या ग्रंथानुसार दक्षिण गुजरातमध्ये १९२२ मध्ये पसरलेल्या देवी चळवळीचा उगम पालघर तालुक्याच्या किनाऱ्यावरील मांगेला कोळी समाजात झाला. देवीच्या साथीचा प्रकोप शमविण्यासाठी सुरू झालेला हा विधी पुढे डोंगराळ भागात पोहोचला. अंगात आलेली देवी लोकांना दारू व ताडी सोडण्यास, स्वच्छ राहण्यास व दारूचे दुकानदार–जमीनदार यांच्यापासून दूर राहण्यास सांगत असे.

या घटनेचा अर्थ दुहेरी आहे. एका बाजूने मद्यत्यागाची प्रेरणा समाजाच्या आतून आली होती. दुसऱ्या बाजूने तिचा रोख मक्त्याच्या दुकानावर व तेथील कर्जावरही होता. घरची दारू बंद करून दुकानाची दारू घ्यावयास लावणाऱ्या व्यवस्थेने पिणाऱ्याला कर्जबाजारी केले होते. दुकानाकडे पाठ फिरविणे हा त्या पाशातून सुटण्याचा एक मार्ग होता. त्यामुळे दारूबंदीच्या इतिहासात घरगुती पेय व दुकानी पेय यांतील भेद दुर्लक्षून चालत नाही.

१९४९ चा दारूबंदी अधिनियम व त्यानंतर

१९३७ मध्ये अधिकारावर आलेल्या काँग्रेस मंत्रिमंडळाने १९३९ मध्ये मुंबई शहरात दारूबंदी लागू केली. मंत्रिमंडळाने त्याच वर्षी राजीनामा दिल्याने तो प्रयोग अल्पजीवी ठरला. स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ संमत झाला आणि एप्रिल १९५० पासून राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. या अधिनियमात मद्याच्या व्याख्येत स्पिरिट, वाइन व बिअर यांच्यासह ताडीचाही समावेश आहे. निर्मितीच्या व्याख्येत नैसर्गिक व कृत्रिम अशा दोन्ही प्रक्रिया येतात. म्हणजे मडक्यात आपोआप आंबलेला रसही कायद्याच्या दृष्टीने निर्मिती ठरतो. मोहफुले व साखर कारखान्यातील मळी यांवरही या अधिनियमाने नियंत्रण ठेवले. १८९२ मध्ये दोन जिल्ह्यांपुरते असलेले कच्च्या मालावरील नियंत्रणाचे तत्त्व अशा रीतीने व्यापक झाले.

या तत्त्वाची मर्यादा १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आली. मुंबई राज्य विरुद्ध एफ. एन. बलसारा या खटल्यात न्यायालयाने अधिनियमाचा बराच भाग वैध ठरविला, परंतु अल्कोहोलयुक्त औषधे व प्रसाधने यांवरील निर्बंध अवाजवी म्हणून रद्द केले. औषधाची बाटली ही औषधासाठी आहे, हे मान्य करण्यात आले. मोहाच्या फुलाला मात्र अशी मान्यता मिळण्यास दीर्घ काळ लोटावा लागला.

ताडीच्या व्यवसायावर अवलंबून असलेल्यांसाठी नीरा व ताडगूळ हे पर्याय पुढे आले. महात्मा गांधींनी ताडगुळाचा पुरस्कार केला होता आणि गजानन नाईक यांनी या क्षेत्रात मोलाचे कार्य केले. डहाणू हे पुढे ताडगूळ प्रशिक्षणाचे केंद्र बनले. झाड तेच, रस तोच आणि छेवणारा हातही तोच. आंबण्यापूर्वी रस उकळून त्याचा गूळ करावयाचा, एवढाच बदल होता. परंतु नीरा काही तासांतच आंबत असल्याने तिची साठवण व वाहतूक कठीण होती आणि ताडीइतके उत्पन्न त्यातून मिळणे अवघड होते.

दारूबंदीच्या काळात हातभट्टीचा व्यवसाय फोफावला. काळा गूळ व नवसागर यांपासून काढलेली दारू खाड्या–खाजणांच्या आडोशाने तयार होऊन मुंबईत जाऊ लागली. १९६३ नंतर महाराष्ट्र शासनाने दारूबंदी टप्प्याटप्प्याने शिथिल केली आणि १९७३ च्या नियमांनी परवानाधारक देशी मद्याची व्यवस्था घातली. मूळ अधिनियम आज महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने अंमलात असून परवान्याशिवाय मद्यनिर्मिती हा त्याखाली गुन्हा आहे. ब्रिटनने १९६३ मध्ये घरगुती बिअरसाठी परवान्याची अट काढून टाकली आणि अमेरिकेने १९७८ च्या कायद्याने तिला संघीय पातळीवर मोकळीक दिली. महाराष्ट्रात बिअरची लहान प्रमाणावरील निर्मिती परवानाधारक सूक्ष्म मद्यालयांच्या रूपाने पुढे आली. २००९ मध्ये पुण्यात असे मद्यालय सुरू झाले. ही मोकळीक भांडवल असलेल्या व्यावसायिकाला मिळाली, घराला मिळाली नाही.

मिसळण्याचे दोन प्रकार

घरगुती पेयात काहीतरी मिसळले जाते म्हणून ते घातक असते, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास मात्र येथे दोन प्रकारांत भेद करावयास सांगतो. खिमाडातील मसाले, नाताळच्या घरगुती वाइनमधील साखर व मनुका किंवा बिअरमधील माल्टची भुकटी हा पहिला प्रकार होय. येथे मिसळणारा व पिणारा यांच्यात ओळख असते. दुसरा प्रकार निनावी बाजारातील मिसळण्याचा आहे. ताडीत क्लोरल हायड्रेटसारखी गुंगीकारक रसायने मिसळण्याचे प्रकार राज्यात वेळोवेळी उघडकीस आले आहेत. २००४ मध्ये विक्रोळीत व जून २०१५ मध्ये मालवणीत विषारी दारूने मोठी जीवितहानी झाली. मालवणीतील बळींची संख्या शंभरहून अधिक होती. अशा दुर्घटनांचे कारण मिथेनॉल हे औद्योगिक रसायन असते. ते ताडरस, मोह किंवा माल्ट यांच्या साध्या किण्वनातून घातक प्रमाणात निर्माण होत नाही, बाहेरून घातले जाते.

घरगुती मद्य निर्दोष होते, असा याचा अर्थ नाही. घरच्या दारूनेही कुटुंबे उद्ध्वस्त झाली आहेत आणि दारूविरोधी लढ्यात महाराष्ट्रातील स्त्रियांनी घेतलेला पुढाकार त्या अनुभवातूनच आला आहे. तथापि घरातील रीत मोडून पिणे थांबले नाही, ते केवळ ओळखीच्या भांड्यातून अनोळखी पिशवीत गेले. काय मिसळले आहे हे सांगू शकणारी व्यक्ती त्या व्यवहारातून नाहीशी झाली. अबकारी इतिहासाची ही सर्वांत मोठी किंमत मानावी लागेल आणि ती मुख्यतः गरिबांनी दिली.

निष्कर्ष

१) ताडरस, मोह, नाचणी व माल्ट हे सर्व पदार्थ एकाच वेळी अन्न व मद्याचा कच्चा माल आहेत. त्यांच्यातील सीमारेषा पदार्थात नसून काळ, कृती व हेतू यांत असते.

२) १८७८ च्या कायद्याने झाडावर, १८९२ च्या कायद्याने फुलावर आणि १९४९ च्या अधिनियमाने कच्च्या मालाच्या विस्तृत यादीवर नियंत्रण आणले. कृती रोखता येत नाही तेथे पदार्थ रोखावयाचा, हे त्यामागील सूत्र होते.

३) हे सूत्र सर्वांना समान रीतीने लागू झाले नाही. माल्टयुक्त पेयाचा डबा विरारच्या कोणत्याही किराणा दुकानात विनापरवाना मिळतो व तो तसा मिळणे योग्यच आहे. मोहफूल मात्र शतकाहून अधिक काळ निर्बंधाखाली राहिले. वनहक्क कायदा, २००६ ने गौण वनोपजावरील आदिवासींचा हक्क मान्य केला आणि २०२१ मध्ये राज्य शासनाने मोहफुलांच्या संकलन, साठवणूक व वाहतुकीवरील निर्बंध हटविण्याचे पाऊल उचलले. पदार्थाचे अन्नपण मान्य होण्यास लागलेला हा विलंब, तो कोणाच्या घरातील पदार्थ आहे यावर अवलंबून होता.

४) घरगुती परंपरेतील मिसळण्याचे ज्ञान हे सामाजिक संरक्षणाचेही साधन होते. ते गुन्हा ठरल्यावर त्याची जागा निनावी भेसळीने घेतली.

वसईच्या घरांत आज फुग्यांचे पीठ बहुधा बाजारातील यीस्टने फुगविले जाते. ताडीचे मडके स्वयंपाकघरातून गेले, तसा तिला केवळ मद्य न मानणारा दृष्टिकोनही मागे पडला. अबकारीचा इतिहास महसुलाच्या आकड्यांतून व शासकीय आदेशांतून लिहिला गेला आहे. तो झाड छेवणाऱ्या भंडाऱ्याच्या, फूल वेचणाऱ्या वारली स्त्रीच्या आणि पीठ मळणाऱ्या गृहिणीच्या बाजूनेही लिहिला जाणे आवश्यक आहे. दारूबंदीच्या यशापयशाचे मूल्यमापन त्याशिवाय पूर्ण होऊ शकणार नाही.